दोन बुबुळांची फाइल

“फाइल उघडली नाही म्हणून ती बिघडली, असं कधी म्हणायचं नाही. आधी विचारायचं, ही उघडते कशात? मग तिचं रूप बदलायचं. आणि मूळ फाइलीला हात लावायचा नाही. आधी प्रत काढायची.”

जयसिंगपूरच्या म्हेत्रेकाकांचा हा आवाज अरुंधती हेरवाडेच्या कानात अजून ताजा होता. कॉलेजच्या सुट्ट्यांत तिने त्यांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात काम केले होते. गिऱ्हाइके नाना तऱ्हेच्या फाइली घेऊन येत. कुणाच्या गणपतीमागची मोकळी जागा काळीठिक्कर होऊन बसलेली असे, कुणाच्या नवरदेवाच्या नाकाचे चौकोन झालेले असत, तर कुणाची फाइल उघडायचेच नाव घेत नसे. काका चष्मा कपाळावर सारत, चित्राचा प्रोग्राम उघडत आणि ‘दुसऱ्या रूपात जतन करा’ या यादीवरून बोट फिरवत. देवाच्या नावांची यादी वाचावी, तसे.

आता अरुंधती कोल्हापूरच्या दृष्टिबोध प्रयोगशाळेत रूपांतरतज्ज्ञ होती. तिच्या टेबलावरच्या संगणकात ‘रंगपट’ नावाचा साधाच चित्रप्रोग्राम होता, शाळकरी मुलेही वापरतात तो. फक्त त्यातल्या ‘दुसऱ्या रूपात जतन करा’च्या यादीत अगदी तळाशी तिने स्वतः एक नाव वाढवले होते: कृतिरूप.

डॉक्टर फिरोज बागवान तपासणीचा अहवाल हलवत आत आले. मेंदूचे डॉक्टर, भरघोस दाढी, आणि स्वभाव असा की रुग्ण आधी हसायचा आणि मग दुखणे सांगायचा.

“डोळे एक नंबर आहेत आजींचे,” ते म्हणाले. “मोतीबिंदूसुद्धा नाही. भिंतीवरची पाल माझ्याआधी त्यांना दिसली.”

“मग?”

“पाल म्हणता आली नाही. म्हणाल्या, ‘काहीतरी करडं सरकतंय हो डॉक्टर.’ रंग कळतो, उजेड कळतो, हालचाल कळते. तुकडे सगळे दिसतात. पण तुकडे जुळून वस्तू होत नाही. चेहऱ्याचं तर विचारूच नकोस. मुलगा समोर उभा राहिला तर तो बोलेपर्यंत त्या गप्प असतात.”

“म्हणजे फाइल पोचते, पण ती उघडणारा प्रोग्राम गेलाय.”

“आलीस म्हेत्रेकाकांच्या दुकानात!”

“तिथे उत्तरं मिळतात, डॉक्टर.”

“खरंय म्हणा. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, तेव्हा नेमका तेवढाच भाग गेला. पण आज एक गंमत झाली.” ते खुर्ची ओढून बसले. “अक्षरांचा तक्ता समोर धरला तर त्यांना एक अक्षर वाचता येईना. मी बघतो तर त्यांचं बोट मांडीवर हलतंय. रेघेमागून रेघ, तक्त्यावरची वळणं गिरवतायत. आणि एकदम म्हणाल्या, ‘हा म आहे.’ डोळ्यांना जो म कळला नाही, तो बोटाला कळला.”

अरुंधतीने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

हेच तर तिचे गेल्या कित्येक महिन्यांचे काम होते. तिने बागवानांना पडद्याजवळ बोलावले. “हे बघा. नेहमीचा फोटो म्हणजे ठिपकेरूप. लाखो ठिपके, प्रत्येकाचा रंग ठरलेला. त्यात नाक नसतं की डोळा नसतो, नुसते ठिपके. ते जुळवून नाक करायचं काम बघणाऱ्याच्या मेंदूचं. आजींचं तेच बंद पडलंय. आता हे कृतिरूप. ह्यात ठिपका एकही नाही. ह्यात फक्त कृती आहे: इथून सुरू कर, असं वळ, इथे दाब दे, इथे हात उचल. चित्र नाही, चित्र काढण्याची क्रिया. त्यामुळे लहान-मोठंही नाही. पत्रिकेच्या कोपऱ्यात काढा नाहीतर भिंतभर काढा, वळण तेच.”

“आणि ते आजींना उघडणार कसं?”

तिने खणातून एक पातळ हातमोजा काढला. “हा हस्तप्रेरक. फाइल लावली की हा बोट फिरवतो. मेंदूला वाटतं, आपणच काढतोय. डोळ्यांचं दार बंद असेल, पण हाताचं उघडं आहे ना?”

बागवानांनी मोजा उलटसुलट करून पाहिला. “बारशाच्या आत होईल?”

“कुणाच्या बारशाच्या?”

“तेच तर. त्यांच्याच तोंडून ऐक.”

सुभद्राबाई आजरेकर बाहेरच्या बाकावर मुलाशेजारी बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी चापून नेसलेली बाई. चपला त्यांनी दाराशीच काढल्या होत्या. सकाळी देवापुढे रांगोळी आणि दिवा झाल्याखेरीज तोंडात पाणी घालायचे नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे प्रयोगशाळेची वेळही त्यांच्या दिव्याप्रमाणे ठरली होती. मुलगा हेमंत वीज मंडळात होता.

“मी गडहिंग्लजला गेले होते पोरी, नात झाली तेव्हा,” त्या हळू आवाजात सांगू लागल्या. “सून पहिलटकरीण, माहेरी होती. दवाखान्यात ओळीनं पाळणे. मी गेले ती सरळ एका पाळण्यापाशी, हातातले चांदीचे वाळे त्या बाळाच्या पायात घातले, अलाबला घेतली, बोटं मोडली. मागनं विहीणबाई म्हणाल्या, ‘अहो ताई, आपलं इकडं आहे.’”

हेमंत घाईने म्हणाला, “आई, त्यात काय एवढं? सगळी हसली आणि झालं.”

“सगळी हसली, म्हणूनच तर. ज्यांचं बाळ ते लोक लाजले बिचारे. वाळे परत काढून घेऊ म्हणाले. मी नाही घेतले. दिलेलं परत घेतात होय? पण तेव्हापासून मी गेले नाही. माझ्यासाठी ते बाळ म्हणजे गुलाबी ढग आहे. बारशाला पाळण्यात घालायचा मान माझा. मी दुसऱ्याचंच लेकरू उचललं तर? एकदा तिचं तोंड मला ओळखता येऊ दे. मग मी जाईन. नाहीतर नावाचा मान विहीणबाईंनीच घ्यावा.”

“आणि तिकडं भांडण निराळंच चाललंय,” हेमंत हसत म्हणाला. “सासूबाई म्हणतात नाक आमच्याकडचं. सासरे म्हणतात हनुवटी त्यांच्या काकांची. माझी बायको केतकी म्हणते कुणाचंच नाही, ती स्वतःच्या वळणावर गेलीय. आमच्या बाजूनं बोलायला माणूसच नाही.”

“तू बोल की,” बागवान म्हणाले.

“मला सगळी बाळं सारखीच दिसतात डॉक्टर. त्यात आईत आणि माझ्यात काही फरक नाही.”

सुभद्राबाईंना पहिल्यांदा हसू आले.

पहिला प्रयोग फसला. अरुंधतीने हेमंतचा फोटो कृतिरूपात जतन केला आणि हस्तप्रेरक आजींच्या हातात चढवला. बोट फिरले, वळले, थांबले, पुन्हा फिरले. सुभद्राबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

“रेघा कळतात,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण कुणीतरी परका माझा हात धरून फरपटतंय असं वाटतं. हा असा वर का जातो? कुणी असं काढतं का?”

हेमंत उठून खिडकीशी गेला. अरुंधती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग एकदम कपाळावर हात मारला.

“अक्षरवळण! डॉक्टर, काकांच्या दुकानात पत्रिका एका संगणकावर छान दिसायची, आणि छापखान्यातल्या संगणकावर गेली की सगळ्या अक्षरांच्या जागी चौकोन. फाइल तीच. पण त्या अक्षरांचं वळण, म्हणजे फॉन्ट, छापखान्यात नसायचं. मग काका वळण फाइलीतच बांधून पाठवायचे. इथेही तेच झालंय. मी हजारो माणसांच्या हातांची सरासरी काढून कृतिरूपाला दिली. सरासरी हात कुणाचाच नसतो. ह्यात आजींचा स्वतःचा हात बांधायला हवा.”

“म्हणजे त्यांनी चेहरे काढायला हवेत, आणि तू ते टिपायला हवेस,” बागवान म्हणाले. “आजी, तुम्ही कधी माणसांचे चेहरे काढलेत?”

“मी? छे हो. मी काय चित्रकार आहे?”

“आई, तू गौर काढतेस की,” हेमंत म्हणाला.

“ते चित्र नव्हे. ती गौर आहे.”

मग हेमंतनेच सांगितले. भाद्रपदात तेरड्याच्या जुडीची गौर मांडतात. तिला बांधायचा मुखवटा आई दर वर्षी कागदावर स्वतः काढायची, काडीला काजळ लावून. आधी घरचा, मग शेजारच्या चार घरांचा. बाजारात पितळेचे, शाडूचे मुखवटे आले तरी गल्लीतल्या बायका आईकडेच कागद घेऊन यायच्या. झटका आल्यापासून ते बंद झाले होते. आईला वाटे, काढलेले आपल्याला दिसत नाही, देवीचे तोंड वेडेवाकडे झाले तर?

“आजी, मग एक गौर काढा आमच्यासाठी,” अरुंधती म्हणाली.

सुभद्राबाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. “आता? आत्ता फाल्गुन चाललाय बाळा. आवाहनाचा दिवस नाही, तेरडा नाही. तोंड काढलं की ती येते. मग तिला नैवेद्य कोण दाखवणार, बोळवण कोण करणार? उगीच बोलवायची आणि ताटकळत ठेवायची, असं देवीला करतात का?”

अरुंधतीला वाद घालावासा वाटला नाही. तिच्या आईनेही सूर्यास्तानंतर कधी घास घेतला नव्हता, आणि त्यावर वाद घालून काही होत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक होते.

“आजी,” तिने हळूच विचारले, “ती येते नेमकी कधी? पहिली रेघ काढली की?”

सुभद्राबाईंनी विचार केला. “नाही. शेवटी बुबुळं काढतात. बुबुळं काढली की डोळे उघडले. तेव्हा येते.”

“आणि बुबुळं काढली नाहीत तर?”

“तर…” त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक मिस्कील सुरकुती उमटली. “तर तो नुसता कागद. मोठी हुशार आहेस गं तू.”

दुसऱ्या दिवशी त्या न्हाऊन, धूतवस्त्र नेसून आल्या. सोबत काजळाची डबी आणि एक काडी. अरुंधतीने मोजा चढवला. आज तो हात फिरवणार नव्हता, हाताचे फिरणे टिपणार होता. सुभद्राबाईंनी कागदावर नजर टाकली, मग नजर उचलून सरळ समोरच्या कोऱ्या भिंतीकडे लावली, आणि हात सुरू झाला. भुवई, दुसरी भुवई, नाकाची एका दमात खाली आलेली रेघ, गालाची कमान, ओठ. एकदाही हात अडखळला नाही. बुबुळांपाशी तो आपोआप पुढे सरकला. त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरून तो थांबवला.

“सवय आहे ना त्याला,” त्या म्हणाल्या.

काढून झाल्यावर त्यांनी कागद पाहिला. “काळं काहीतरी दिसतंय. झालीय का बरी?”

“सुरेख झालीय, आजी.”

असे त्यांनी पुन्हा पुन्हा काढले. अरुंधतीने ते हस्तवळण कृतिरूपात बांधले. पण हिशेबात एक अडचण होती. ती तिने बागवानांना समजावली. “ह्या हाताला एकच चेहरा येतो, गौरीचा. त्यामुळे प्रोग्रामला प्रत्येक चेहरा गौरीपासूनच सुरू करावा लागणार. गौर हा पाया. फाइलीत साठवायचा तो फक्त फरक: हेमंतचं नाक गौरीपेक्षा किती रुंद, हनुवटी किती पुढे. फाइल चालवताना आधी गौर, तिच्यावर फरक.”

“मेंदूही चेहरे असेच ठेवतो असं आम्ही मानतो,” बागवान म्हणाले. “मनात एक ठरीव चेहरा असतो, आणि प्रत्येक माणूस त्याच्यापासून किती वेगळा तेवढंच लक्षात राहतं. फक्त तो ठरीव चेहरा कुणाचा, हे कुणालाच माहीत नसतं. आजींचा आपल्याला सापडला.”

त्यांनी पहिल्यांदा बागवानांचाच फोटो लावला. सुभद्राबाईंचे बोट फिरू लागले, आणि ह्या वेळी त्यांचा खांदा सैल होता. हात परका नव्हता. अर्ध्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग भुवया वर गेल्या. मग त्या तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसायला लागल्या.

“अगं बाई! गौरीला दाढी!”

सगळी प्रयोगशाळा हसली.

“डॉक्टर आहेत हे!” त्या म्हणाल्या. “दाढी म्हणून नव्हे हो. इथं गालाशी कायम हसू अडकल्यासारखं वळण आहे. तुमच्या आवाजातही तेच आहे. असेच असाल असं वाटलंच होतं मला.”

बागवान उठले आणि त्यांच्या पायाशी वाकले. “आजी, आजवर कुणी मला गाढव म्हटलंय, कुणी देवमाणूस म्हटलंय. गौर कुणी म्हटलं नव्हतं. घरी गेल्यावर अम्मीला सांगणार आहे.”

मग हेमंत. “नाक बसकं केलेली गौर,” असे म्हणता म्हणता त्यांनी मोजा घातलेला हात तसाच पुढे करून मुलाचे तोंड चाचपले. “किती वाळलास रे. झटक्याच्या आधी पाहिलं तेव्हा असा नव्हतास.” मग अरुंधती: “निमुळत्या हनुवटीची, अन् रात्रीची झोप न झालेली गौर.” अरुंधतीने लाजून पडद्याकडे तोंड फिरवले. त्या दिवशी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे रांगेत उभे राहिले, आणि सुभद्राबाईंनी सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या फरकासकट पाहून घेतले.

“एक आहे,” जाताना त्या म्हणाल्या. “आता कुणाचा राग येणं अवघड झालं.”

राहिली होती नात. केतकीने गडहिंग्लजहून ताजे फोटो पाठवले होते, टपोरे डोळे उघडून बघणारी तीन महिन्यांची मुलगी. बारसे चार दिवसांवर आले होते. अरुंधतीने पहिल्या फोटोची प्रत काढली, रूपांतराची आज्ञा दिली आणि फाइल उघडून पाहिली. बागवानांच्या फाइलीत फरकाच्या रेघा पानेच्या पाने भरून होत्या. ह्या फाइलीत फक्त दोन होत्या. दोन छोट्या, गोल, भरीव रेघा. बाकी काही नाही.

“फसलं,” ती पुटपुटली. तिने दुसरा फोटो घेतला. पुन्हा दोन. तिसरा, हसताना काढलेला. दोन, आणि ओठाच्या कोपऱ्यावर एक किंचितशी. तिने प्रोग्राम बंद करून उघडला, हेमंतचा फोटो पुन्हा रूपांतरित केला. तो पहिल्यासारखाच भरगच्च निघाला. म्हणजे यंत्र ठीक होते.

सुभद्राबाई मोजा घालून तयार बसल्या होत्या. तळव्याला घाम आला म्हणून तो त्यांनी दोनदा काढून पुसला होता.

“आजी, फाइल जवळजवळ रिकामी आलीय,” अरुंधतीने खरे तेच सांगितले. “लावू की थांबू?”

“लाव. रिकामं तर रिकामं.”

बोट फिरू लागले. भुवई, दुसरी भुवई, नाकाची एका दमात खाली आलेली रेघ, गालाची कमान, ओठ. सुभद्राबाईंच्या हाताला कुठेच धक्का बसला नाही, कुठेच वळण वाकडे गेले नाही. आणि मग, जिथे त्या मनगट धरून थांबत, तिथे बोट थांबले नाही. एक बुबुळ. दुसरे बुबुळ.

त्यांनी दचकून हात मागे घेतला, मोज्यासकट जोडला.

“डोळे कुणी उघडले हिचे?”

बागवान हळूच अरुंधतीच्या कानाशी म्हणाले, “अवघड आहे हे. फाइल रिकामी, म्हणून यंत्रानं नुसता पाया गिरवला. त्यांना नात नाही भेटली, गौर भेटली.”

“बुबुळं कुठून आली मग?” अरुंधती म्हणाली. “पायाच्या गौरीत तर ती नव्हतीच. तेवढाच फरक, म्हणून तेवढंच साठवलं.” ती बोलता बोलता थांबली. “डॉक्टर, फरक नसला तरी फाइल रिकामीच येणार की नाही?”

तिने सुभद्राबाईंची गौर कृतिरूपातून परत ठिपकेरूपात आणली, पारदर्शक केली, आणि नातीच्या फोटोवर पसरली. लहान केली, किंचित फिरवली. रेघा जागच्या जागी बसल्या. उजवी भुवई डावीपेक्षा जरा वर, बाळाचीही. ओठाचा डावा कोपरा उचललेला, बाळाचाही. हनुवटी एका बाजूला अगदी थोडी कललेली. कागदावर इतकी वर्षे सगळ्यांनी ते वळण देवीचे म्हणून पाहिले होते, आणि माणसात ते असेल असे कुणाच्या मनातही आले नव्हते.

हेमंतने पडद्याला जवळजवळ नाक लावले. “हे कसं शक्य आहे? देवीचं तोंड माझ्या मुलीला कसं येईल?”

बागवान सुभद्राबाईंसमोर खाली बसले. “आजी, गौर काढायला तुम्ही कुणाकडून शिकलात?”

“आईकडून. म्हणजे ती काढायची, मी बघायची. मी नऊ वर्षांची असताना ती गेली. त्या भाद्रपदात वडील म्हणाले, आता गौर तू काढ.” त्या आठवत आठवत बोलत होत्या. “मी कागद घेऊन बसले. देवीला कुणी पाहिलंय? मी आईला पाहिलं होतं. म्हणून तिला काढलं. तेच पुढे हातात बसलं. तिचा फोटो नाही हो घरात एकही, त्या काळी कोण काढायचं. पुढे पुढे तर मीही विसरून गेले, की ही आई आहे. गौरच म्हणायला लागले.”

“म्हणजे पणजी,” बागवान म्हणाले. “रक्तात असं वळण दोन पिढ्या दडून बसतं आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीत वर येतं. ह्यात चमत्कार काही नाही.” मग त्यांनी दाढीवरून हात फिरवला. “थोडासा आहे.”

हेमंतने तेव्हाच फोन लावला होता. “केतकी! तुझ्या बाबांना सांग, काकांची हनुवटी वगैरे सगळं रद्द. पुरावा आहे माझ्याकडे!”

पलीकडून कल्ला ऐकू आला. सुभद्राबाई हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते; ते पुसायचे त्यांच्या लक्षात नव्हते. अरुंधतीलाही हसू येत होते, पण तिच्या मनात एक शंका डोके वर काढून बसली होती, आणि ती दडवून ठेवणे तिला बरे वाटेना.

“आजी, एक सांगायला हवं. हे फोटोचं झालं. पाळण्यातलं खरं बाळ डोळ्यांना ठिपकेरूपातच दिसणार. तिथे रूपांतर करायला मी नसेन. हा मोजा संगणकाशिवाय चालत नाही. पाळण्यापाशी तुम्हाला पुन्हा गुलाबी ढगच दिसेल.”

हेमंतचा चेहरा उतरला. सुभद्राबाईंनी मात्र शांतपणे मोजा काढला, त्याची घडी घातली आणि तो अरुंधतीच्या टेबलावर ठेवला.

“हेमंतला ओळखायला तुझा मोजा लागेल,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांना ओळखायला लागेल. त्यांचा फरक माझ्या हातात नाही, तो यंत्रच सांगणार. पण हिच्यात फरकच नाही, असं तूच म्हणालीस ना?”

“हो.”

“मग मला सांगायचंय काय यंत्रानं? मी तिच्या तोंडावरून बोट फिरवीन, माझ्या सवयीनं. दुसऱ्याचं बाळ असेल तर बोट अडखळेल. माझं असेल तर सरळ जाईल. बुबुळं तिची तिनंच काढलीत.”

रिकाम्या फाइलीचा अर्थ अरुंधतीने गणिताने काढला होता. पण त्या अर्थाचे पुढे काय होते, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. साऱ्या जगात हा एकच चेहरा असा होता, जो उघडायला सुभद्राबाईंना कोणताच प्रोग्राम लागणार नव्हता.

“बरोबर आहे, आजी,” ती म्हणाली. “अगदी बरोबर आहे.”

फोन अजून चालूच होता. विहीणबाईंचा आवाज आला, “ताई, आता तरी बारशाला येणार ना?”

“बारशाला कशाला?” सुभद्राबाई फोनकडे तोंड करून म्हणाल्या. “उद्याच येते. बाळाला न्हाऊ कधी घालता?”

“सकाळी. नऊच्या सुमाराला.”

“उद्या मी घालीन. मी येईपर्यंत तिच्या अंगावर पाणी घालू नका. येते म्हणजे येते.”

“आई, उद्या मला दुपारपर्यंत ड्यूटी आहे,” हेमंत म्हणाला. “परवा गाडीनं नेतो.”

“बरं,” त्या म्हणाल्या. हेमंतला वाटले, मान्य झाले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी रांगोळी काढली, दिवा लावला, मग पाणी घेतले. डाळीच्या पिठात चिमूटभर हळद घालून पुडी बांधली आणि पिशवीत ठेवली. आतल्या खोलीत हेमंत गाढ झोपला होता. किती महिन्यांत त्या एकट्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. समोरचा रस्ता म्हणजे करड्या-पिवळ्या रंगांची नुसती सरमिसळ होती. पण स्टँड कुठल्या बाजूला हे पायांना ठाऊक होते, आणि गडहिंग्लजची गाडी कोणती हे कंडक्टरला विचारता येत होते.

बांगड्या कोपराकडे सारून, त्या वाजू न देता, त्यांनी बाहेरून दार ओढून घेतले आणि त्या पहिली गाडी गाठायला निघाल्या.